घोड्याची सवत

स्वस्त सायकल आणि महाग सायकल यांतला फरक मला सोलापूरच्या एका दुकानात कळला. स्वस्त सायकलला मडगार्ड असतं, करियर असतं, स्टँड असतो, चेनकव्हर असतं, घंटी असते. महाग सायकलला यातलं काहीच नसतं. किंमत जसजशी वाढत जाते तसतशा वस्तू गळत जातात. संतांच्या चरित्रात असा प्रकार वाचला होता, दुकानात पहिल्यांदाच पाहिला. मी घंटीचं विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, ही एमटीबी आहे. डोंगरातली. डोंगरात घंटी वाजवून कुणाला सांगणार?"

मला ते पटलं. पटायला कारण होतं. त्या दिवसांत मला कुठलाच आवाज नको होता, स्वतःचा तर मुळीच नको होता.

सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यावर माणसाकडे काय उरतं? खडूची ॲलर्जी, निवडणुकीच्या ड्यूटीच्या आठवणी आणि चिरका आवाज. माझा आवाज आधी बसला, मग उठला, मग कायमचाच बसला. सोलापूरच्या घशाच्या डॉक्टरांनी नाकातून एक नळी घालून पडद्यावर माझ्या स्वरतंतूंवरच्या गाठी दाखवल्या. मला त्या ज्वारीच्या कण्यांसारख्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, "बोलणं कमी करा." मी म्हणाले, "मी चौथीचा वर्ग घेते." ते जरा वेळ गप्प राहिले, बहुधा त्यांनाही चौथी आठवली असावी. मग म्हणाले, "निदान आठवड्यातून एक दिवस पूर्ण मौन. आणि कुजबुजायचंही नाही, त्यानं घसा जास्त ताणला जातो."

घरात मौन पाळून पाहिलं. पहिल्याच रविवारी मी पाटीवर लिहिलं, "आज मौन आहे." त्यावर घरात पाऊण तास चर्चा झाली. मौन म्हणजे नक्की किती वाजेपर्यंत, मौनात चहा होतो का, पाहुणे आले तर काय सांगायचं. मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लिहावं लागलं. घसा वाचला, मनगट गेलं. म्हणून सायकल. सायकलवरच्या माणसाकडून बोलण्याची अपेक्षा कुणी करत नाही. लहानपणी भाड्याची सायकल कैची मारून चालवायचे, तेव्हा दांडीखालून घातलेला पाय आणि वर काढलेली मान या भानगडीत तोंडातून शब्द फुटायचाच नाही. ते सुख पुन्हा हवं होतं.

तर दर रविवारी पहाटे मी नळदुर्गातून बाहेर पडू लागले. सोलापूर–हैदराबाद महामार्ग आमच्या गावाला लागूनच जातो. रात्रभर ट्रकांचा घरघराट. तो ओलांडला, किल्ल्याचा तट मागे टाकला, की दहा मिनिटांत माळ लागतो. इथे एक खुलासा करायला हवा. आमच्याकडे 'जंगल' हा शब्द पुस्तकातला आहे. आम्ही म्हणतो 'फॉरेस्ट'. फॉरेस्ट म्हणजे ज्याच्या भोवती कधीकाळी तार होती, आता खांब आहेत, आत बाभळी, हिवर, तरवड, निवडुंग आणि वनखात्यानं लावलेली गिरिपुष्पाची रांग आहे ती जमीन. खरं दाट रान बघायचं तर धाराशिवच्या पलीकडे येडशीला जावं लागतं. तिथल्या रामलिंग घाटाला १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, पावसाळ्यात धबधबा असतो, माकडं असतात. आमच्या फॉरेस्टात धबधबा नाही. पण वाटा आहेत. शेळ्यांनी पाडलेल्या, गाडीच्या चाकोऱ्यांनी पाडलेल्या, आणि काही अशा की कुणी पाडल्या ते मला तोवर माहीत नव्हतं.

सहा रविवार मी एक शब्द बोलले नाही. सातव्या रविवारी, कार्तिक अर्धा उलटला असेल, मी एका उतारावरून येत होते. दोन्ही बाजूंना तरवड फुललेला, वाट हातभर रुंद, पुढे बाभळीचं वळण. उतारावर पायडल मारायची गरज नसते. पाय थांबवले की या सायकलच्या मागच्या चाकातून बारीक टकटक टकटक असा आवाज येतो, रातकिड्यानं दात कोरावेत तसा. बाकी सगळं गप्प. मी हँडलवर वाकलेले, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर ओढणी. वळण घेतलं आणि समोर एक तट्टू.

तट्टू म्हणजे चालतं बिऱ्हाड होतं. तांबूस रंगाचं, माझ्या खांद्याएवढं. पाठीवर घडी घातलेली वाघर, म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी, तिच्यावर दोन वाकळा, त्याच्यावर उलटी बांधलेली ॲल्युमिनियमची डेगची, तिच्या शेजारी पाय बांधून बसवलेल्या दोन कोंबड्या, आणि एका बाजूला लटकवलेल्या पोत्यातून बाहेर आलेलं एका दिवसाच्या कोकराचं तोंड. या सगळ्यांनी मला एकाच वेळी पाहिलं. कोंबड्या ओरडल्या. कोकरू आत गेलं. तट्टूचे कान मागे चिकटले, डोळ्यातलं पांढरं दिसलं, पुढचे दोन पाय वितभर वर उठले आणि डेगची सुटून, खणखण करत, प्रत्येक दगडाची चौकशी करत उतारावरून खाली गेली.

"ओ दादा! हुबं ऱ्हा! हुबं ऱ्हा तितंच!"

मागून एक म्हातारी धावत आली. हिरवं लुगडं, कमरेला पिशवी, हातात काठी. मी ब्रेक दाबले. डिस्क ब्रेक चांगले आहेत, पैसे तिथे गेलेत हे त्या दिवशी समजलं. म्हातारीनं लगाम धरला. लगाम कसला, दोरीच. तट्टू गोल फिरत होतं, मी पुतळ्यासारखी उभी.

"बोल की काईतरी! मुका हाईस व्हय?"

मी सवयीनं गळ्याकडे बोट दाखवलं. म्हातारीचा चेहरा एकदम मऊ झाला. "मुका हाय बिचारा," ती तट्टूला म्हणाली. मग मी हेल्मेट आणि ओढणी काढली. "अगं बया! बाईमाणूस हाय की!" आता ती जास्तच हळहळली. बाईमाणूस, त्यात मुकी, त्यात अशा रानात सायकलीवर एकटी. एवढी दया मला सोसेना. डॉक्टरांची क्षमा मागून मी म्हणाले, "नाही मावशी. मुकी नाही मी."

आणि गंमत अशी की तट्टू थांबलं. कान पुढे आले. एक, मग दुसरा. त्यानं नाकपुड्यांतून मोठा श्वास सोडला, ओठ फडफडले, आणि डोकं खाली गेलं.

"बघ," म्हातारी म्हणाली. "बोललीस तवा कळलं त्येला की मानूस हाय. न्हाईतर त्येला वाटलं लांडगं आलं." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून, "आन् हिकडं वरच्या अंगाला का हुबी हाईस? खालच्या अंगाला हुबी ऱ्हा. घोडं भ्यालं की वर पळतंय."

मी डेगची उचलून दिली आणि खालच्या अंगाला उभी राहिले. मागून मेंढरं आली, दीडदोनशे असतील, मग दोन कुत्री, मग एक पोरगा मोबाइलवर गाणं लावून. सगळी वरात पुढे गेली. तेव्हा कळलं की त्या अनोळखी वाटा कुणी पाडल्या. सुगी आटोपली की धनगरांचे वाडे इकडे येतात, शेतकरी आपापल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यामुताचं खत होतं, बदल्यात धान्य मिळतं. माझी सायकलची वाट ही त्यांची पिढीजात घोडवाट होती. मी सहा रविवार तिच्यावर मालकिणीसारखी फिरत होते.

घरी येऊन मी वाचायला बसले. शिक्षकाला दुसरं काय येतं? तर म्हातारीचा शब्द न् शब्द खरा निघाला. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ चहूकडचं त्याला दिसतं, फक्त नाकासमोरचा आणि शेपटामागचा थोडा तुकडा सोडून. पिढ्यान् पिढ्या कुणाच्या तरी जेवणात जाण्याची ज्याला भीती असते, त्याची नजर अशीच घडते. त्यात वाकून, दबकत, वेगानं, आवाज न करता येणारी आकृती म्हणजे काय हे त्याच्या रक्ताला विचारावं लागत नाही. सोलापूर–धाराशिवच्या माळांवर लांडगे आजही आहेत, तेव्हा आमच्याकडच्या घोड्याला ही भीती पुस्तकात वाचायची गरज नाही. हँडलवर ओणवलेली, चेहरा झाकलेली शिक्षिका ही त्याच्या दृष्टीनं लांडगाच. वर तिच्या मागच्या चाकातून दात वाजल्यासारखी टकटक.

हेच भांडण अमेरिकेत चांगलं पन्नास वर्षं जुनं आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत माउंट टमालपाईस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथल्या पोरांनी जुन्या, जाड टायरच्या, धूड सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही त्यांतली पुढे नाव काढलेली मंडळी. १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. शर्यतीचं नाव 'रिपॅक', कारण एकदा खाली येईपर्यंत मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि प्रत्येक वेळी ते नव्यानं भरावं लागायचं. जगातली डोंगरी सायकल बहुतांशी तिथे जन्मली. आणि जन्मली तशी लगेच तिची घोडेस्वारांशी जुंपली. मग डोंगरावर वेगाची मर्यादा आली, ताशी १५ मैल, आंधळ्या वळणावर ५. वाटांच्या तोंडाशी पिवळ्या त्रिकोणाच्या पाट्या लागल्या: सायकलवाल्यानं चालणाऱ्याला आणि घोड्याला वाट द्यावी, चालणाऱ्यानं घोड्याला द्यावी, घोड्यानं कुणालाच देऊ नये. पाटीखालचा उपदेशही तोच. थांबा, उतरा, उताराच्या खालच्या बाजूला उभे राहा, आणि बोला. म्हातारीनं हे सगळं एका दमात, फुकट, वर "अगं बया" लावून सांगितलं होतं.

घोड्याला पहिला मान, हे आपल्याला त्रिकोणाच्या पाटीवरून शिकावं लागत नाही म्हणा. माउलींच्या पालखीचं रिंगण आठवा. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात. त्यातल्या एकावर स्वार असतो, दुसरा मोकळा, कारण त्याच्यावर माउली असतात. लाखभर माणसं मधली जागा सोडून उभी राहतात, घोडा धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. घोड्यासाठी वाट सोडायची म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक आहे. फक्त रस्त्यावर विसरायला होतं.

पण घोडा आणि सायकल यांचं मूळ वैर मला त्याहून जुनं वाटतं. सायकलचा पहिला पूर्वज १८१७ साली जर्मनीत मानहाइमला कार्ल फॉन ड्राइस यानं रस्त्यावर आणला. लाकडी, दोन चाकी, पायडल नसलेला, पायांनी जमीन ढकलत पुढे न्यायचा. त्याच्या दोन वर्षं आधी इंडोनेशियातला तंबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या राखेनं १८१६ सालचा युरोपातला उन्हाळाच खाऊन टाकला, पिकं बुडाली, ओट महागले, घोड्यांना खायला घालणं परवडेना. म्हणून ड्राइसला बिनचाऱ्याचं वाहन सुचलं, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. तर्क खरा असो वा नसो, मला तो कौटुंबिक वाटतो. पहिलीला खायला फार लागतं म्हणून दुसरी आणली. ही न खाणारी, न लीद टाकणारी, भिंतीला टेकवली की गप्प राहणारी. पहिलीनं तिला बघून कान मागे टाकले तर नवल काय? सायकल ही घोड्याची सवत आहे. दोनशे वर्षं झाली तरी पाय वर उठतात.

आता एक लाजेची गोष्ट. आमच्या शाळेत रोज परिपाठात राज्यगीत होतं. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत आहे. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे, यमुनेचं पाणी पाजायच्या. मी रोज हातवारे करून मुलांकडून ते म्हणून घेते. 'तट्टां'वर जोर द्या म्हणते, त्या जोडाक्षरापायीच माझ्या घशाची एखादी गाठ वाढली असेल. आणि खरं तट्टू समोर आलं तेव्हा मी त्याची डेगची पाडली. भीमेच्या काठच्या या काटक घोड्यांची अलीकडेच कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं स्वतंत्र जात म्हणून नोंद घेतली, देशातली घोड्याची आठवी जात. मराठी फौजा गेल्या, ही तट्टं उरली ती धनगरांच्या बिऱ्हाडाखाली. म्हातारीला पुढच्या रविवारी मी विचारलं, "मावशी, हे भीमथडीचं का?" ती म्हणाली, "आमचंच हाय." यापुढे चौकशी केली नाही.

पुढचा रविवार हा खरा प्रश्न होता. बोलायचं हे ठरलं, पण घोड्याशी काय बोलायचं? माणसाला भेटल्यावर आपण पावसाचं विचारतो, पोरांचं विचारतो, "कुठं निघालाव?" म्हणतो. घोड्याला पावसाचं काय विचारणार! वळणाच्या अलीकडे टापांचा आवाज आला तशी मी उतरले, खालच्या अंगाला उभी राहिले आणि तोंडातून जे निघालं ते सत्तावीस वर्षांच्या सवयीनं निघालं. "शांत. शांत उभं राहायचं."

तट्टू शांत उभं राहिलं.

माझ्या अख्ख्या नोकरीत ही सूचना पहिल्या खेपेला कधी पाळली गेली नव्हती. मला भरून आलं. मग मी पाढे म्हटले. सतराचा पाढा घोड्याला आवडतो. त्याला एक चाल आहे, दुडकी. एकोणतिसाच्या पाढ्यात मात्र मी स्वतःच अडखळले आणि तट्टूनं मान झटकली. त्यानंतरच्या रविवारी हजेरी घेतली. एक, दोन, तीन असे आकडे म्हणत गेले, मधे मधे मीच 'हजर' म्हटलं. म्हातारी काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होती. "शाळंत बी असंच करतीस?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "शाळेत ओरडावं लागतं." ती म्हणाली, "घोड्यापाशी वरडून चालत न्हाई. वरडलं की ते आनिक भितंय."

हे मात्र खरं. घोड्याशी बोलताना आवाज आपोआप खाली जातो. पोटातून, संथ, एकसुरी. उंच, चिरक्या आवाजावर त्याचे कान लगेच मागे वळतात, आणि ते कान म्हणजे समोर धरलेला आरसाच. माझी 'टीप' वर गेली की तत्काळ दिसायचं. दोन महिन्यांनी तपासणीला गेले. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. "गाठी बऱ्याच बसल्यात," ते म्हणाले. "रविवारचं मौन नीट पाळलंत तर."

मी म्हणाले, "हो. एक तट्टू सोडलं तर कुणाशी बोलले नाही."

डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी छताकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर, बोरामणी येईपर्यंत गाडीत पूर्ण मौन होतं.

नळदुर्गात राहून घोड्याचा विचार करायला लागलं की किल्ला वेगळा दिसू लागतो. पाहुण्यांना आम्ही पाणीमहाल दाखवतो. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर जो बांध घातला त्याच्या पोटातला तो महाल. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. त्यावरून मी एरवी तास तासभर बोलले असते. पण बांधाच्या त्या टोकाला रणमंडळ हा जोडकिल्ला आहे आणि हा बांध म्हणजे तिकडे जायची वाटही आहे, हे आता आधी दिसतं. पाणी आणि घोडा यांनी एकाच दगडी भिंतीवरून, एकमेकांना न अडवता जायचं. चारशे वर्षांपूर्वी कुणी तरी हे गणित मांडलं होतं.

आणि मेडोज टेलर. १८५३ मध्ये निजामाकडून नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा हा साहेब इथे डेप्युटी कमिशनर म्हणून आला. १८६० मध्ये मुलूख परत निजामाकडे गेला, साहेबाचं नाव मात्र गावात टिकलं. ठगांवरची त्याची कादंबरी त्याआधीच, १८३९ मध्ये, विलायतेत गाजली होती. ठगांची पद्धत काय होती? ते वाटसरूशी आधी गोड बोलायचे. कुठले, कुठं निघालात, सोबतीनं जाऊ. मग फास. म्हणजे वाटेवर जो बोलतो तो माणूस, हा घोड्याचा नियम माणसांना लावायचा झाला तर जपूनच लावायला हवा. मला वाटतं घोड्यानं टेलर वाचलेला नसणार.

मार्गशीर्षात देव आला. हेही सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते खरं वाटत नाही. आमचा खंडोबा वर्षभर आमचा नसतो. सव्वादहा महिने तो शेजारच्या अणदूरला असतो आणि पावणेदोन महिने आमच्या मैलारपुरात. मूर्ती एकच, देवळं दोन. अणदूरची यात्रा झाली की देव पालखीतून इकडे येतो, पौष पौर्णिमेची इथली यात्रा करतो आणि मुदत संपली की परत जातो. नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. देवाच्या बाबतीत कागद करणारी गावं मी दुसरी पाहिली नाहीत. भाऊ भावाला बांध देत नाही अशा मुलखात दोन गावं एक देव वाटून घेतात, तेही सवा आणि पाऊण असल्या हिशेबानं, आणि काटा मारत नाहीत.

देवालाही वाटणीची सवय असावी. त्याच्या घरात म्हाळसा आणि बाणाई. एक वाण्याची, दुसरी धनगराची. सवती-सवतींची धुसफूस हा वाघ्या-मुरळीच्या गाण्यांचा निम्मा माल. आणि देव स्वतः घोड्यावर. तो घोडाही म्हणे मूळचा मणी दैत्याचा, मरताना त्यानं देवाला दिला. म्हणजे बायका दोन, गावं दोन आणि घोडा दुसऱ्याचा. एवढं सांभाळणाऱ्याला माझ्या वाटेवरचं भांडण म्हणजे किरकोळ काम.

पौष पौर्णिमेच्या यात्रेत भंडाऱ्यानं गाव पिवळं झालं. म्हातारी दर्शनाला आली होती, तट्टू कुठे तरी बाहेर बांधून. मला लांबून पाहून तिनं काठी उंचावली आणि गर्दीत ओरडली, "शाळावाली!" मग जवळ येऊन म्हणाली, "आता चार दिसांनी वाडा हलनार. म्होरच्या साली येतू." मी म्हणाले, "मग मी कुणाशी बोलू?" ती म्हणाली, "दुसऱ्यांची येतील की घोडी. पर तू वळणावर लईच उशिरा बोलतीस. आदी कळाया पायजे."

हे माझ्या डोक्यात राहिलं. आधी कळायला पाहिजे. मागे कधी तरी वाचलं होतं की परदेशात डोंगरी सायकलींना बारीक घुंगरं लावतात, सतत वाजणारी, म्हणजे वळणापलीकडच्या घोड्याला दुरून चाहूल लागते. सोलापूरच्या पोरानं जी घंटी देणं कमीपणाचं मानलं होतं, तिचीच ही बहीण. मी यात्रेतल्या जनावरांच्या सामानाच्या दुकानाशी गेले. म्होरक्या, वेसणी, लोकरी गोंडे, कवड्यांच्या माळा, आणि पितळी घंटा, बैलाच्या नारळाएवढ्या ते शेळीच्या बोराएवढ्या.

"कुणाला पायजे?" दुकानदारानं विचारलं. "बैल? म्हस? घोडी?"

सायकलला म्हणावं तर गर्दीत चार माणसं थांबून ऐकतील. मी म्हणाले, "आहे घरी एक."

"वय काय?"

"वर्षाचं होईल आता."

"मान केवढी हाय?"

मी अंगठा आणि पहिलं बोट जोडून हँडलचा घेर दाखवला. त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोकरू दिसतंय," तो म्हणाला, आणि सगळ्यांत खालच्या दोरीवरची बोराएवढी घंटा काढून कानाशी वाजवून बघितली. "लई उधळतं का?"

"उतारावर," मी म्हणाले.